गुंठाभर खडक : क्रॉलर स्पर्धेच्या जागेसाठी पाच दिवस

दिवस पहिला : वेताळ टेकडी, पुणे

रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलर गाड्यांची स्पर्धा भरवायची म्हटलं की आधी दगड शोधावे लागतात, आणि महाराष्ट्रात दगडांची वानवा कधीच नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून आपलं हे काळ्या पाषाणाचं पठार तयार झालं. तरीही ‘जागा मिळत नाही’ ही हौशी मंडळींची कायमची तक्रार असते. मला ही अडचण जागेपेक्षा नजरेची वाटते. आपण माणसाच्या उंचीने खडक बघतो आणि कडे, घळी, किल्ल्यांच्या वाटा धुंडाळत बसतो. ही गाडी मात्र खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम फूटभर अंतर असतं आणि चाकाचा व्यास बारा सेंटिमीटरच्या आसपास. वीतभर उंचीचा धोंडा तिच्यापुढे पुरुषभराहून उंच कडा होऊन उभा राहतो. एक गुंठा जमीन लांबी-रुंदीने दहापट मोजली की बरोबर अडीच एकर भरते. स्पर्धेला एवढीच जागा लागणार असेल, तर तिच्यासाठी डोंगरदऱ्या पालथ्या घालण्याचं कारणच उरत नाही.

वेताळ टेकडी शहराच्या मधोमध, म्हणून सुरुवात इथून. इथले बरेच धोंडे बाहेरून झिजलेले आहेत. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्यांचे थर सुटतात. बोटाने दाबलं तरी तांबूस कपची हातात येते. पंचेचाळीस अंशांच्या चढावर गाडी टिकायची, तर टायर आणि दगड यांच्यातलं घर्षण दगडावर पडणाऱ्या दाबाइतकंच भरावं लागतं. मऊ रबराला हे जमतं, पण खालचा पृष्ठभाग घट्ट असेल तरच. पापुद्रा सुटला की टायर त्याच्यासकट खाली येतो. शिवाय टेकडीचा बराच भाग वनखात्याकडे आहे आणि सकाळ-संध्याकाळ तिथे फिरणाऱ्यांची रीघ असते. ही जागा सोडून द्यावी हे बरं.

दिवस दुसरा : निघोज

कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे प्रत्यक्ष बघितले की कुठल्याही क्रॉलरवाल्याच्या मनात गेट (गाडीने ज्यांच्यामधून जायचं त्या खुणांच्या जोड्या) मांडली जाऊ लागणार. भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षं गरगरत राहिले आणि त्यांनी कातळ पोखरला. एक खळगा दुसऱ्यात उतरतो, मध्ये सुरीसारखी धार उरते, पलीकडे गुळगुळीत उतार. पाषाणही टणक, कपची सुटण्याची भीती नाही. इथे एक आक्षेप हमखास येतो : अडीच-तीन किलोची गाडी, तिला रबरी टायर आणि विजेवरची मोटर. धूर नाही, तेल नाही, तर कातळाचं काय बिघडणार? कातळाचं काही बिघडणार नाही, हे मी मान्य करतो. पण स्पर्धा म्हणजे नुसती गाडी नव्हे. गाडीमागे चालक चालतो, त्याच्यामागे गुण देणारा पंच, दोघांभोवती बघणारे. दिवसभरात शेकडो पावलं त्याच त्या चिंचोळ्या धारेवरून जाणार, आणि खाली खोल पाणी. गाडी खळग्यात पडली की ती काढायला कोणी तरी उतरणार. हे मळगंगेचं देवस्थान, गावाने जपलेली जागा. म्हणून जागा पारखताना टायरबरोबर पावलंही मोजायला हवीत. किंबहुना पावलं आधी.

दिवस तिसरा : कास

कासबद्दल फार लिहायला नको. कातळावर बोटभर मातीचा थर, त्यावर पावसाळ्यात उगवणारी आणि दोन-तीन महिन्यांत बी धरून संपणारी रोपं. फुलं बघायला येणाऱ्यांचीही संख्या जिथे ठरवून द्यावी लागली, तिथे खेळ मांडण्याचा विचारही नको. ‘उन्हाळ्यात तर तिथे काहीच नसतं’ हा युक्तिवाद फसवा आहे. उन्हाळ्यात तिथे बी असतं आणि कंद असतात, ते आपल्याला दिसत नाहीत इतकंच.

दिवस चौथा : कशेळी, राजापूर तालुका

कोकणचा सडा लांबून पाहिला तर क्रॉलरसाठीच घडवल्यासारखा वाटतो. जांभा सच्छिद्र आणि खरबरीत, त्यामुळे टायरची पकड उत्तम. जागा मैलोन्‌मैल मोकळी. पण याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं. कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे ही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हे कोरीवकाम फार उथळ आहे. माती साचली की जवळून जाणाऱ्यालाही दिसत नाही. गेल्या काही वर्षांत नव्या शिल्पांचा शोध सारखा लागतो आहे, म्हणजे आज रिकामा दिसणारा सडा रिकामाच असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. ज्ञात शिल्पांपासून लांब राहून स्पर्धा घ्यावी ही सूचना म्हणूनच मला पटत नाही. लांब कशापासून राहायचं तेच ठाऊक नसतं. बंद पडलेली चिरेखाण हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय, कारण तिथला कातळ कधीच कापून गेला आहे. पण करवतीने काढलेल्या चिऱ्यांच्या भिंती काटकोनात उभ्या आणि तळ सपाट. चढता येतील असे उतार नाहीत, कोन बदलत नाहीत. टाकून दिलेले तुटके चिरे एकावर एक रचले तर मात्र मार्ग होईल. हे रचण्याचं लक्षात ठेवण्याजोगं आहे.

दिवस पाचवा : वाघोली

पुण्याच्या पूर्वेकडचा हा खाणपट्टा. जगभरचे स्फटिक-संग्राहक वाघोलीला कॅव्हनसाइटच्या निळ्या खड्यांमुळे ओळखतात. आपल्याला इथे डबर हवा आहे. चालू खाण अर्थातच वर्ज्य, सुरुंग आणि डंपर यांच्यामध्ये खेळाला जागा नाही. बंद खाणीच्या खड्ड्यातही उतरायचं नाही. उभा कापलेला कडा आणि साचलेलं पाणी हे दोन्ही धोके खरे आहेत आणि खाणींवर घेतला जाणारा हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्याला खड्डा नकोच आहे. खाणीच्या काठापासून दूर, सपाट जमिनीवर पडलेले नाकारलेल्या दगडांचे ढीग पुरेत. अशा ढिगातला दगड हातोडीने वाजवून बघावा. खणखणीत आवाज आला तर तो घट्ट पाषाण. बद्द आवाज आला आणि फुटलेल्या भागात पांढरे मणी दिसले, तर तो पोकळ्या भरून आलेला खडक. टायर फिरला की त्याचे कण निसटतात. ताज्या फुटलेल्या घट्ट पाषाणाची बाजू बारीक खरबरीत असते आणि कडा धारदार. एकाच ढिगात तीस अंशांपासून जवळजवळ उभ्यापर्यंत सगळे कोन मिळतात.

‘पण यात निसर्ग कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. या खेळाची खरी परीक्षा गेटांमधून जाण्यात आहे. अमेरिकेत रूढ झालेल्या पद्धतीत ज्याचे गुण कमी तो जिंकतो : गाडी मागे घेतली की एक गुण चढतो, गेटच्या खुणेला स्पर्श झाला की दहा. नैसर्गिक कातळ बदलत नाही, त्यामुळे तिथे आधी सराव करून गेलेल्याला वाट पाठ असते. रचलेला मार्ग सगळ्यांनाच नवा. उलट बाजूनेही विचारलं जातं, आणि तो प्रश्न जास्त वजनदार आहे : सुटे दगड हलतात, मग पहिल्या आणि दहाव्या स्पर्धकाला सारखाच मार्ग कसा मिळणार? याचं उत्तर गवंड्याकडे आहे. मोठा डबर रुंद बाजूवर बसवायचा, फटीत चिपा ठोकायच्या, वर उभं राहून डोलतो का बघायचं. जो दगड माणसाच्या वजनाने हलला नाही, तो तीन किलोच्या गाडीने हलणार नाही. फेरी संपली की चिपा काढून पुन्हा नवा मार्ग.

आता कागदाचं काम. सातबाऱ्यावर जमीन कोणाची ते बघून मालकाची लेखी परवानगी, सरकारी असेल तर तहसील कार्यालयात अर्ज. ढिगात झऱ्याचं पाणी किंवा पक्ष्याचं घरटं असेल तर दुसरा ढीग. दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ बरा. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरतं आणि वैशाखात काळ्या पाषाणाला हात लावता येत नाही. एका गुंठ्यात चार मार्ग बसतील. पंचाच्या चालण्यासाठी प्रत्येक मार्गालगत हातभर पट्टी मुरूम टाकून सपाट ठेवायची, आणि बघणाऱ्यांची दोरी त्याच्याही बाहेर.