माका समाजला नाय

मालवणच्या बंदराजवळ आमचं घर. घरात मालवणी, नमाजात अरबी आणि शाळेत पुस्तकी मराठी. चौथीत असताना गुरुजींनी गणित विचारलं आणि मी म्हणालो, "माका समाजला नाय." वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून घराबाहेर मी मालवणी सोडली. पुढे मुंबईत लोक म्हणायचे, "मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" हे कौतुक मला दोनदा टोचायचं. एक तर 'असून' हा शब्द, आणि दुसरं म्हणजे ती मराठी माझ्या आईची नव्हतीच.

मालवणीला मान मिळाला तो आधी हशातून. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं. आम्हीही पोट धरून हसलो. पण या बोलीत कविता होऊ शकते, हे मला महेश केळुसकरांनी शिकवलं. फोंडाघाटचा हा कवी. नोकरी आकाशवाणीत केली. 'मोर', 'निद्रानाश' हे त्यांचे संग्रह प्रमाण मराठीतले. तर 'झिनझिनाट' मालवणीतली, कविसंमेलनांतून गाजलेली. एकच माणूस दोन्हीकडे लिहितो आणि एकीसाठी दुसरीची माफी मागत नाही.

दूर स्कॉटलंडमध्येही हेच आहे. कॅथलीन जेमी इंग्रजीत लिहितात आणि स्कॉट्समध्येही. तिथल्या शाळांतही स्कॉट्स बोलणाऱ्या मुलांना दटावलं जायचं. त्याच देशाने २०२१ साली जेमींना राष्ट्रकवीचा मान दिला. उत्तर पाकिस्तानातल्या मुस्लिम घरांत राहून त्यांनी प्रवासवर्णनही लिहिलं आहे. परक्या घरातलं बोलणं कान देऊन ऐकायला त्या एवढ्या लांब गेल्या. मी मात्र स्वतःच्या घरातलं ऐकलं नाही.

आई अल्लाला प्यारी झाली तेव्हा मी तिच्यावर लेख लिहिला. छापून आला, नावाजला गेला. फुफूला वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरां लिवलंस रे. पण ही बाई कोण?"

त्यानंतर मी वही घातली. आईचा एकेक शब्द आठवेल तसा टिपतो, अडलं की फुफूला फोन करतो. तिने ऐंशी ओलांडली आहे. तिला वेळच वेळ आहे, घाई मलाच आहे.