चाकामागचा दगड

मोटारींतच बिऱ्हाड थाटून डोंगराळ मुलखांत महिनेच्या महिने हिंडणारीं वयस्क जोडपीं अमेरिकेंत पुष्कळ आहेत, असें वाचलें कीं मला थोडें हंसूं येतें. निजण्याची खोली, चूल आणि नळ बरोबर घेऊन जो निघाला, तो घराबाहेर पडला असें म्हणावयाचें तरी कसें? आणि तरीहि हाच उद्योग, आपल्या ऐपतीच्या मानानें, आम्ही उभयतां पंधराहून अधिक वर्षें करीत आलों आहों. आमच्या जुन्या व्हॅनचीं मागचीं आसनें काढून तेथें एक फळी बसविली आहे. फळीवर गादी, फळीखालीं स्टोव्ह, पाण्याचा डबा आणि दोनचार पुस्तकें, एवढाच काय तो आमचा फिरता संसार.

वर्सोव्याच्या खाऱ्या हवेनें लोखंडाची गय केलेली मीं पाहिलेली नाहीं. दारांच्या कडा गंजल्या, तळाला दोन ठिगळें लागलीं. नोंदणीचीं पंधरा वर्षें भरलीं तेव्हां तपासणी करवून आणखी पांच वर्षांची मुदत मिळविली. त्याच दिवशीं चिरंजीवांनीं गाडी भंगारांत काढण्याचा सल्ला दिला. परंतु आमच्या घरापासून कोळीवाडा दूर नाहीं. जून-जुलैची मासेमारीबंदी लागली कीं होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची डागडुजी चालते. लांकूड ठोकून पाहावयाचें, भेग बुजवावयाची, वर रंगाचा हात द्यावयाचा. तें नित्य पाहणाऱ्या माणसाला, केवळ वय झालें या कारणास्तव कोणाला मोडींत काढणें प्रशस्त वाटत नाहीं. खरें सांगावयाचें तर त्यांत माझा स्वार्थहि होता. वय माझेंहि झालें होतें.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं डॉक्टरांनीं माझा डावा डोळा तपासून सांगितलें, "मोतीबिंदू वाढतो आहे. तूर्त अंधार पडल्यावर गाडी चालवूं नका." घरीं येऊन मीं म्हटलें, "चष्म्याचा नंबर बदलला आहे." हें असत्य नव्हतें, पण सत्याचा तो फार सोयीचा तुकडा होता. पत्नीला मोटार उत्तम चालवितां येते. अंधेरीच्या गर्दींतून ती जी वाट काढते, तिच्यापुढें माझें कौशल्य कांहींच नव्हे. मात्र घाट आला कीं चक्र माझ्या हातीं, असा आमच्या संसारांत एक अलिखित नियम होता. तो मींच केला होता, हें ओघानेंच आलें.

भाऊबीज आटोपल्यावर आम्ही महाडहून वरंधा घाटानें भोरकडे निघालों. देशाकडून येणाऱ्याला सह्याद्रि बराच सौम्य भासतो. कोंकणाच्या बाजूनें मात्र ती उभी भिंत आहे, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर साचून झालेली. याच महाड तालुक्यांत २२ जुलै २०२१ रोजीं दरड कोसळून तळिये गांवांतील ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या डोंगरांकडे नुसता देखावा म्हणून पाहणें तेव्हांपासून मला जमलेलें नाहीं.

चढ अर्धाअधिक सरला असेल, तोंच इंजिनांतलें पाणी उकळूं लागलें. वाफेचा लोट उठला. गाडी मीं कडेला घेतली. पण जुना हातब्रेक त्या चढावर भरंवशाचा वाटेना, म्हणून पायानें ब्रेक दाबून मी तसाच बसून राहिलों. इतक्यांत वरून धनगरांचा एक मेळा उतरत आला. पुढें मेंढरें, मागून घोड्यांवर लादलेलीं बिऱ्हाडें. वाकळा, भांडीं, कोंबड्या, आणि एका घोड्यावर या सगळ्या पसाऱ्यांत बसविलेलें लहानसें पोर. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानें आमची अवस्था पाहिली, कांहीं न विचारतां दरडीचा एक मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला. "निघतांना काढा बरं का," तो म्हणाला, "मागून येणाऱ्याचा घात व्हायचा."

देशावर चारा आटूं लागला कीं हे लोक घाट उतरून कोंकणांत जातात. तेथें शेतकरी आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतात, शेताला खत मिळतें, धनगराला धान्य किंवा पैसा. कोंकणचा पाऊस मेंढरांना सोसत नाहीं, म्हणून तो सुरू होण्यापूर्वीं पुन्हा घाट चढावयाचा. हें सर्व मला पुस्तकांतून ठाऊक होतें. पुस्तकानें मला जें दाखविलें नव्हतें तें त्या दिवशीं दिसलें. पुरुष मेंढरांमागें होते. घोड्याचा लगाम, आणि म्हणून सारें घर, बायकांच्या हातांत होतें.

पाणी निवेपर्यंत ऊन कलंडलें. टांकी भरून मी पुन्हां चाकामागें बसूं लागलों, तोंच पत्नी म्हणाली, "अहो, आतां मी बसतें."

"घाटांत?"

"घाटांतच. समोरून दिवे आले कीं तुम्हांला दिसेनासें होतें. डॉक्टरांची चिठ्ठी सदऱ्याच्या खिशांत होती. धोब्याकडे कपडे मीच देतें ना?"

"मग इतके दिवस बोलली कां नाहींस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होतें."

यावर उत्तर नव्हतें. प्रवासांत आमच्यामध्यें हातभराचेंहि अंतर नसे. आणि एवढ्याशा जागेंतहि मीं एक गोष्ट तिच्यापासून लपवून ठेवली होती. तीहि कोणासाठीं? घाटाच्या राजेपणासाठीं! मीं किल्ली तिच्या हातीं दिली. तिनें गाडी अशी कांहीं अलगद उचलली कीं चाक दगडावर तिळभरहि मागें आलें नाहीं. मग मीं दगड उचलून कडेला ठेवला आणि पायींच वर निघालों. वाघजाईच्या देवळापाशीं, सपाटीवर, ती माझी वाट पाहत होती. तिनें दोन चहा सांगून ठेवले होते.

डोळ्याची शस्त्रक्रिया पुढें झाली. आतां मला दूरचें चांगलें दिसतें. परंतु घाट आला कीं मी आपण होऊन चाकावरून उठतों. चढावर थांबण्याची वेळ आलीच, तर दगड लावणें आणि न विसरतां काढून ठेवणें, हें खातें तेवढें माझ्याकडे राहिलें आहे.