परिचयपत्रातील एक ओळ

मुलुंड पश्चिमेला गूळ, हळद आणि मसाल्याचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबाची ही हकिकत. तीन पिढ्यांपूर्वी सांगलीच्या पेठेतून मुंबईत आलेले हे घर. व्यवहार मुंबईचा झाला, तरी घरची बोली दक्षिणेकडचीच राहिली. वडील अण्णा, थोरला मुलगा दादा आणि आजी ती आज्जी. धाकटी मुलगी घाटकोपरच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिने राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले होते.

ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास सेवेला द्यावेत अशी तिची अपेक्षा असते. बहुतेक विद्यार्थ्यांचा आरोग्यशिक्षणाशी पहिला संबंध येतो तो याच मांडवात, आणि तोही बहुधा रक्तदानाच्या निमित्ताने.

त्या वर्षीच्या शिबिरात मुलगी नावनोंदणीच्या टेबलावर होती. सकाळभर इतरांचे अर्ज भरून दिल्यावर दुपारी ती स्वतः रांगेत उभी राहिली. बोटाला टोचून रक्ताचा थेंब तपासला गेला आणि तिला बाजूला काढण्यात आले. रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते, तिचे १०.३ भरले. शेजारच्या मैत्रिणी बिस्किटे आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या. ती रिकाम्या हाताने घरी आली.

आईला यात नवल वाटले नाही. सकाळी सातची लोकल, डबा अर्धा परत, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे म्हणून दोन घास घाईघाईने, शिवाय महिन्यातून दोन-तीन उपवास. "रक्त राहणार कुठून?" असे म्हणून तिने खजूर, नाचणी, काळ्या मनुका आणि दुकानातला उत्तम गूळ सुरू केला. कंदमुळे घरात येत नसल्याने बिटाचा प्रश्नच नव्हता. जोडीला लोहाच्या गोळ्या आल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा १०.५ होता.

शाकाहारी घरांत लोहाची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते हे खरेच आहे, आणि म्हणूनच फिकेपणाचा सारा दोष आहारावर टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे. पुढे महाविद्यालयात थॅलेसेमियाच्या तपासणीचे शिबिर भरले, तेव्हा व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरबाईंनी नेमके यावरच बोट ठेवले. काहींच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने भरपूर, पण आकाराने लहान असतात. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर केवळ आहाराला बोल लावून थांबू नये. 'एचबी ए-टू' नावाची तपासणी करून घ्यावी. आयुष्यात एकदा केली की पुरते. लोह किंवा ब-१२ कमी असेल तर मात्र या तपासणीचा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून तो डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

मुलीचा अहवाल आठ दिवसांनी आला. साडेतीन टक्क्यांच्या आत असावयाचा तो घटक तिच्या रक्तात ५.२ टक्के होता. ती बीटा थॅलेसेमियाची वाहक होती.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या जनुकांच्या जोडीपैकी एक सदोष असतो, दुसरा काम निभावून नेतो. अशी व्यक्ती शिकते, व्यापार करते, पूर्ण आयुष्य जगते. खरा प्रश्न दोन वाहकांचा विवाह झाला तर येतो. मग प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल थॅलेसेमिया मेजरचे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची २५ टक्के असते. रुग्ण बाळ जन्मतः निरोगीच दिसते. साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ते फिके पडू लागते, पोट फुगते, वाढ खुंटते. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी जन्मभर औषध घ्यावे लागते. भारतात दरवर्षी अशी सुमारे १० ते १५ हजार बालके जन्मतात असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, गुजराती, कच्छी लोहाणा, बंगाली अशा समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आढळले आहे. पण कोणत्याही समाजाने आपण यातून सुटलो असे मानू नये. जे समाज आपापल्यातच सोयरीक जुळवितात त्यांनी तर मुळीच मानू नये.

अहवाल वाचून आईने तो कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला. "हे कुणाला सांगायचे नाही," एवढेच ती म्हणाली. तिच्या भीतीला कारण होते. दादाचा साखरपुडा झाला होता, वैशाखात लग्न होते. मुलगी बोरिवलीची, समाजाच्या वधू-वर मेळाव्यात पाहिलेली. मुलुंडात निघालेली गोष्ट बोरिवलीला पोहोचेपर्यंत तिचे काय होते, हे आईला ठाऊक होते. शब्द 'वाहक' असा निघेल आणि 'घरात रोग आहे' असा पोहोचेल.

परंतु हा दोष आकाशातून पडत नाही. मुलीकडे आहे म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडे असणारच. अण्णांनी आधी स्वतःचे रक्त दिले. तीस वर्षे गुळाच्या ढेपा उचलणारा, एक दिवसही अंथरुणाला न खिळलेला माणूस वाहक निघाला. मग दादाची तपासणी झाली. त्याच्या वाट्याला तो जनुक येण्याची आणि न येण्याची शक्यता सारखीच होती. तोही वाहक निघाला.

त्या रात्री आज्जी बऱ्याच वेळाने बोलली. तिच्या माहेरी, थोरल्या भावाला एक मुलगी होती. दीड वर्षाची होईपर्यंत गोरीपान, गुटगुटीत. मग ती पांढरी पडत गेली. दृष्ट काढली, अंगारे झाले, मिरजेच्या दवाखान्यात नेली. तिसरे वर्ष तिने पाहिले नाही. "तिचे नावसुद्धा घरात कुणी घेत नसे," आज्जी म्हणाली, "वहिनीलाच बोल लावत होते सगळे." ती हाच आजार होता की आणखी काही, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण आईने उठून कपाटातला अहवाल काढला आणि अण्णांच्या हाती दिला.

सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठविण्याची जुनी रीत. पेव बंद असते तोवर आतला माल कसा आहे ते कळत नाही. "पेव न उघडता आपल्या आजोबांनी कधी सौदा केला नाही," अण्णा म्हणाले, "आणि ही तर कुणाची तरी लेक आहे." पुढच्या रविवारी बापलेक बोरिवलीला गेले आणि दोघांनी आपापले अहवाल व्याह्यांपुढे ठेवले.

भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर एके काळी हा आजार घरोघरी होता. तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागावयास सुरुवात केली. दोघे वाहक निघाले तरी विवाहाला बंदी नव्हती; दोघांना ते ठाऊक असावे, एवढीच अट होती. काही वर्षांतच नव्या रुग्ण बालकांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. त्यात गर्भावस्थेतील तपासणीचा आणि त्यानंतरच्या कठोर निर्णयांचाही मोठा वाटा होता. गर्भ रुग्ण आहे की नाही हे दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास कळू शकते. पण कळल्यानंतर काय करावयाचे, हा प्रश्न अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घराला किती जड जातो, हे सांगावयास नको. म्हणूनच अशा घरांना लग्नाआधीची, किंबहुना सोयरिकीची बोलणी सुरू होण्याआधीची तपासणी अधिक गरजेची आहे. महाविद्यालयाचे वय त्यासाठी नेमके योग्य. तेव्हा मन कुठे गुंतलेले नसते आणि अहवाल हा केवळ अहवाल असतो.

बोरिवलीच्या दिवाणखान्यात बराच वेळ कोणी बोलले नाही. मुलीचे वडील अहवालाचा कागद उलटसुलट करीत राहिले. अखेर अंधेरीच्या महाविद्यालयात एम.कॉम. करणारी ती मुलगीच म्हणाली, "माझी तपासणी कुठे करायची?"

तिच्या घरापासून फार दूर नसलेल्या बोरिवली पूर्वेत महानगरपालिकेचे थॅलेसेमिया उपचार केंद्र आहे. लहान मुलांना तेथे रक्त चढविले जाते, अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होते. त्या रस्त्याने ती अनेकदा गेली होती; ती इमारत कशाची आहे हे तिने प्रथमच विचारले.

परतताना बापलेक दादरला गाडी बदलण्यासाठी पुलावर आले, तेव्हा अण्णांनी विचारले, "तिचाही अहवाल तसाच आला तर?"

दादा थोडा वेळ गप्प राहिला. "तर आधी तिला विचारीन. मी एकटा काही ठरवणार नाही."

तो आठवडा घरात कोणाला गोड लागला नाही. शनिवारी मुलीचा फोन आला. अहवाल निर्दोष होता. आता या दोघांच्या पोटी थॅलेसेमिया मेजरचे मूल जन्मण्याची भीती नव्हती; मूल वाहक असू शकेल, आणि त्याला योग्य वयात ते सांगावे लागेल. लग्न ठरल्या तिथीला झाले. मुलीकडच्या तीन चुलत भावंडांनीही त्याच महिन्यात तपासणी करून घेतली. त्यांपैकी एकाचा अहवाल त्यांनी स्वतःच अण्णांना दाखविला आणि पुढे काय करावे ते विचारले.

यंदा धाकट्या मुलीचे परिचयपत्र तयार झाले. शिक्षण, उंची, गोत्र, मामाचे गाव या ओळींखाली अहवालाचा आकडा लिहावा असे तिचे म्हणणे होते. आईला ते पटेना. छापील पुस्तिका हजार घरांत जाते, आणि शरीराची गोष्ट हजार घरांना सांगण्याचे कारण नाही, हे तिचे म्हणणेही चुकीचे नव्हते. दोन दिवस वाद चालला. अखेर आईनेच पेन घेतले आणि शेवटची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली : "थॅलेसेमिया तपासणी झालेली आहे. अहवाल भेटीत दाखवू, आपलाही आणावा."