शेकरू आणि सुर्खाब

बारावीनंतर दिल्लीला शिकायला जायचे, असा हट्ट थोरल्या मुलीने धरला आणि घरात दोन तट पडले. "मुलीची जात, इतक्या लांब कशाला?" असे सासूबाईंचे, म्हणजे आमच्या अम्मींचे म्हणणे. नाताळच्या सुट्टीत हा विषय बाजूला ठेवून आम्ही सगळे भीमा नदीच्या काठाकाठाने फिरायला निघालो.

पहिला मुक्काम भीमेच्या उगमाशी, भीमाशंकरला. इथले अभयारण्य 1985 सालचे, शेकरूसाठी प्रसिद्ध. वाटाड्याने बोट वर केले. तांबूस पाठ, फिकट पोट आणि धडाहून लांब झुपकेदार शेपटी! महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी उंदीर-खारीच्या कुळातला. भारताबाहेर कुठेच आढळत नाही. काटक्या-पानांची घरटी उंच झाडावर बांधतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. एका उडीत सहा मीटर अंतर कापतो. मात्र झाडे तुटून त्याहून मोठी फट पडली, की त्याची वाटच खुंटते.

दुसऱ्या दिवशी भिगवण गाठले. हीच भीमा इथे उजनी धरणामुळे पसरून समुद्रासारखी दिसते. नावाडी म्हणाला, "ते बघा, चक्रवाक!" नारिंगी अंगाचे, फिकट डोक्याचे बदकांचे जोडपे. अम्मी एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर सुर्खाब!" 'सुर्खाब का पर' हा मुहावरा मी वर्गात कितीदा शिकवला, पक्षी मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिला.

सुर्खाब हिवाळ्यात लडाख, तिबेट, मध्य आशियातून येतो. हिमालय ओलांडताना तो 6,800 मीटर उंचीवर उडाल्याची नोंद आहे. पिल्ले मात्र तिकडेच, कडेकपारीतल्या बिळात वाढवतो.

दोघांचा रंग तांबूस, दोघे एकाच नदीचे पाहुणे-यजमान. एकाचा जीव जोडलेल्या फांद्यांत, दुसऱ्याचा लांबच्या वाटेत. शेकरू भित्रा म्हणून थांबत नाही आणि सुर्खाब बेफिकीर म्हणून जात नाही. अल्लाहने ज्याला जसे घडवले, तसा तो जगतो. पण शेकरूला सलग जंगल हवे आणि सुर्खाबला उतरायला स्वच्छ पाणी. ते राखणे आपल्या हाती.

परतताना अम्मींनी विचारले, "सुर्खाब परत कधी जातो?"

"उन्हाळा लागला की."

"आणि पुन्हा येतो?"

"थंडी पडली की येतोच."

अम्मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. मग नातीकडे वळून म्हणाल्या, "भर तुझा फॉर्म. पण सुट्टी पडली की घरी आलं पाहिजे."