मोरीत गेलेला पुरावा

मुतखडा पडला की ‘सुटलो एकदाचा’ म्हणायचं आणि खडा मोरीत सोडून द्यायचा, ही माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत सगळीकडची रीत. कळा सोसलेल्या माणसाला दोष देता येत नाही, पण सगळ्यात बोलका पुरावा असा वाहून जातो. खडा केवढा आणि कुठे, हे सोनोग्राफी सांगते. तो कशाचा, हे सांगत नाही, आणि पुढचा उपचार त्यावरच ठरतो. युरिक ॲसिडचा खडा आम्लधर्मी लघवीत धरतो. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा सामू साडेसहाच्या आसपास ठेवला, तर तो शस्त्रक्रियेविना विरघळू शकतो. स्ट्रुव्हाइटचं नेमकं उलटं. प्रोटियससारखे जंतू लघवीतला युरिया फोडून ती अल्कधर्मी करतात आणि त्यात हा खडा फोफावतो. तिथं सायट्रेट देणं म्हणजे खडा पोसणं. शिवाय एक कपची मागं राहिली तरी तिच्यात जंतू तग धरतात. सिस्टिनचा निघाला तर दोष आनुवंशिक, म्हणजे भावंडांचीही तपासणी आली.

खडा वाळवून आधी भिंगाखाली पाहावा. तपकिरी, तुतीसारखा खडबडीत असेल तर बहुधा कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट. पिवळसर, टोकदार स्फटिकांचा असेल तर डायहायड्रेट. मग तो मधोमध तोडायचा, कारण गाभा एकाचा आणि कवच दुसऱ्याचं असू शकतं, आणि सुरुवात कशानं झाली ते गाभ्यातच कळतं. जुन्या रासायनिक पद्धतीत भुकटीवर नायट्रिक ॲसिड टाकून ती तापवतात. वर अमोनियाचा थेंब पडताच जांभळा रंग उमटला, तर युरिक ॲसिड. ही पद्धत स्वस्त आहे, पण तिला ऑक्झलेटचे दोन प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. मोनोहायड्रेट कठीण असतो, बाहेरून दिलेल्या लहरींनी सहज फुटत नाही आणि लघवीतल्या वाढलेल्या ऑक्झलेटकडे बोट दाखवतो. डायहायड्रेट बहुतेकदा वाढलेल्या कॅल्शियमकडे. म्हणून ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ एवढाच शेरा मारलेला रिपोर्ट मला अर्धवट वाटतो. इन्फ्रारेड तपासणीत एक-दोन मिलिग्रॅम भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून तिची चकती दाबली की हा फरक आलेखात दिसतो. लेसरनं खड्याचं पीठ झालं, आता काय तपासणार, या शंकेचं उत्तरही यातच आहे.

खरा आक्षेप वेगळा आहे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच आणि सल्ला शेवटी ‘भरपूर पाणी प्या’, मग पैसे कशाला घालवायचे? पाण्याबद्दल वाद नाही. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांच्या 1996च्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांपैकी 27 टक्क्यांना. हुलग्याच्या माडग्याचा गुण येत असेल तर त्यात पोटात जाणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा असावा, असं माझं मत. पण ‘कॅल्शियमचा खडा’ एवढं ऐकलं की घरात दूध बंद होतं आणि बोअरच्या जड पाण्यावर खापर फुटतं. याच गटाच्या 2002च्या अभ्यासात कमी कॅल्शियम खाणाऱ्या 60 पुरुषांपैकी 23 जणांना पुन्हा खडे झाले. नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी खाणाऱ्या 60 पैकी 12 जणांनाच. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. खडा नेमका कशाचा हे कळलं, तर मीठ कमी करायचं की पालक, हे अंदाजानं ठरवावं लागत नाही. एक मात्र मान्य करायला हवं: फडात आडोसा नाही म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवणाऱ्या ऊसतोड बाईला या रिपोर्टनं पाणीही मिळत नाही आणि संडासही.

खर्चाचं म्हणाल, तर मिरजेला किंवा कराडला दुर्बिणीनं खडा काढून स्टेंट घालण्यापुढे तो किरकोळ आहे, आणि खडा हाती असेल तर निदान एकदा तपासणी करावीच. त्यासाठी लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळावी, सापडलेला खडा साध्या पाण्यानं धुऊन, वाळवून कोरड्या डबीत ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये, स्ट्रुव्हाइट त्यात बदलतो. चिकटपट्टीनं कागदावर डकवूनही आणू नये. त्या डिंकाच्या रेघा आलेखात उमटतात.