राखणीची बंदूक

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि तिसऱ्या दिवशी पोलीसपाटलांचा फोन आला, ‘‘गुरुजी, बंदूक जमा करूची आसा.’’ मी माळ्यावरून ती खाली काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून तालुक्याला गेलो. लायसनचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात.

सिंधुदुर्गात हे नवीन नाही. आमच्याकडे शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका घरोघरी नसल्या तरी वाडीवाडीत आहेत. निवडणूक आली की त्या ठाण्यात जातात आणि निकालानंतर आठवड्याभराने परत मिळतात. नियम पाहिला तर सरसकट सगळ्यांनी बंदूक द्यावी असं नाही. कोणाची जमा करायची, हे जिल्ह्याच्या छाननी समितीने ज्याचं त्याचं पाहून ठरवायचं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही २००९ मध्ये हेच बजावलं होतं. पण आमच्या भागात निरोप सगळ्यांना येतो आणि सगळे जातात.

ठाण्याच्या आवारात फणसाखाली वीसेक माणसं बसली होती. बहुतेक साठीच्या पुढची. कोणाची बंदूक गोणपाटात, कोणाची लुंगीत, कोणाची उघडीच. प्रत्येक नळीला सुतळीने नंबराची चिठ्ठी बांधायचं काम चाललं होतं. आमच्या शेजारचे तात्या माझ्या आधीच येऊन बसले होते. वय पंचाहत्तर, पण पाठ ताठ.

वेळ भरपूर होता, त्यामुळे वाद सुरू झाला. मुंबईची नोकरी सोडून काजूची बाग करायला आलेला एक तरुण तावातावाने बोलत होता. काजू-आंबा झाडावर असतो नेमक्या त्याच वेळी बंदूक ठाण्यात. माकडं बोंड नुसतं चावून टाकतात, खातसुद्धा नाहीत. ‘‘गुनेगार लायसन घेता काय? कट्टे घेऊन फिरतत तेंका कोण बोलवता?’’ मग तो अमेरिकेवर गेला. तिथे बंदूक बाळगण्याचा हक्क घटनेतच लिहिलाय, आणि इथे शेतकऱ्याने स्वतःची बंदूक चोरासारखी आणून द्यायची.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. जुनी खोड जात नाही. त्याला म्हटलं, आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्रकायदा झाला. त्यात हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती. त्याचा राग इतका होता की १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामथांनी तशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. घटनेच्या १९व्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आला तो उलट्या बाजूने: एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

‘‘म्हणजे गोऱ्यांनी काढून घेतली ती आपल्यांनी परत दिलीच नाय,’’ तरुण म्हणाला.

मला चटकन उत्तर सुचलं नाही. कारण बोलणं त्याचं सगळंच चूक नव्हतं. आणि दुसरं कारण माझ्यापासून दोन हातांवर बिडी ओढत बसलं होतं.

ही बंदूक मूळची आमच्या आबांची. ठासणीची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, त्यातली ही. आबांचं एक शास्त्र होतं. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं. घोड्याखालच्या टोकावर केप बसवायची. झालं. छर्रे घालायचे नाहीत. ‘‘आपल्याक आवाज व्हयो, डुकर नको,’’ असं ते म्हणत. त्यात शहाणपण होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवाना बंदुकीचा मिळतो, जनावर मारण्याचा नाही. ती परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. गव्याकडे तर नळी वळवायचीसुद्धा नाही. राखणीची बंदूक म्हणजे मोठ्या आवाजाचा पत्र्याचा डबा.

१९९४ च्या ऑक्टोबरात भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं होत होतं. डुकरांनी एका रात्रीत दोन कुणगे लोळवून टाकले होते. आबांना ताप होता म्हणून राखणीला मी गेलो. शाळेतल्या एका सोबत्याने दुपारी सहज म्हटलं होतं, एक पडलं तर दिवाळीआधी मटण होईल. मी नुसता हसलो होतो. पण शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढल्यावर खिशातून छर्रे काढले आणि बोळ्यावर ओतले. वर दुसरा बोळा घालून ठासलं. रागाने ओतले की मटणाच्या आशेने, हे आजही मला नीट सांगता येणार नाही.

रात्री एकच्या सुमारास खालच्या कुणग्यात भात सळसळलं. काळोख मिट्ट. सळसळ थांबली, पुन्हा झाली, जवळ आली. बॅटरी लावली तर डुक्कर पळेल म्हणून लावली नाही. घोडा मागे ओढला, आवाजाच्या रोखाने नळी धरली आणि चाप ओढला.

टप. एवढंच. केप फुटली, बार निघाला नाही. संध्याकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती. दारू सर्दावली असणार.

आणि भातातून आवाज आला, ‘‘कोण आसा रे थंय?’’

तात्या होते. वरच्या पाटाचं पाणी फोडून त्यांच्या शेतात कोणी वळवलंय का ते पाहायला निघाले होते. बॅटरीचे सेल संपले म्हणून बांध सोडून कुणग्यातून चाचपडत येत होते. मी नळी आभाळाकडे केली आणि ओरडलो, ‘‘मी आसंय, तात्यानू.’’ आवाज माझा वाटला नाही. ते बरं म्हणाले, डुकरांना एक शिवी घातली आणि गेले. मी उजाडेपर्यंत तसाच बसून राहिलो.

सकाळी परसात बसून गजाच्या टोकाला स्क्रू लावून बोळे ओढून काढले. दारू चिखलासारखी झाली होती. छर्रे तळहातावर घेऊन मोजले. सतरा. ते विहिरीपलीकडच्या पागवाल्याला दिले, त्याच्या जाळ्याला शिसं हवंच असायचं. आबांना काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्यानंतर तात्यांना एक सवय लागली. रात्री आमच्या कुणग्याजवळून जाताना ते दशावतारातलं काहीतरी मोठ्याने म्हणत जात. गळा अजिबात नाही. वाडीत पोरं हसत, म्हातारा रात्री राजा होतो म्हणत. मीही हसायचो.

आबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर करून घेताना भावांची ना-हरकत, सातबारा, पोलिसांचा अहवाल, सगळं गोळा केलं. तीन हेलपाटे झाले. एका कचेरीत फाईलच सापडेना. चिडचिड मलाही झाली. पण प्रत्येक हेलपाट्यात एक विचार मनात यायचा. एवढ्या रकान्यांत, काळोखात काय हललं ते कळल्याशिवाय चाप ओढणार नाही, असं लिहून घेणारा रकाना कुठेच नाही. तो असता तरी मी सही केलीच असती म्हणा.

फणसाखाली तरुणाचं बोलणं आता काडतुसाच्या बंदुकीवर आलं होतं. ठासणी म्हणजे आजोबांचा जमाना, एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत माकडं वाडीच्या पार होतात. सरकारने बारा बोअर द्यावी. पाचसहा जणांनी माना डोलावल्या. तेव्हा मला बोलावंसं वाटलं. काडतूस तसं सर्दावत नाही. माझ्या हातात त्या रात्री काडतुसाची बंदूक असती, तर आज मी या फणसाखाली नसतो आणि तात्याही नसते. दोन घरं वाचली ती माझ्या सावधपणामुळे नाहीत, बंदूक जुनी आणि रडकी होती म्हणून. जिल्ह्यात अधूनमधून बातमी येते, शिकारीला गेलेल्याला सोबत्याचीच गोळी लागली, डुक्कर समजून. ती वाचली की मी पेपर घडी करून ठेवतो. परवाना देताना सरकार माणूस गुन्हेगार आहे का ते बघतं. मी गुन्हेगार नव्हतो. मास्तर होतो.

हे सगळं चारचौघांत बोलायची हिंमत झाली नाही. पण तरुण चहाला उठला तसा मी तात्यांच्या जवळ सरकलो.

‘‘तात्यानू, चौऱ्याण्णव सालची एक गोष्ट तुमका सांगूची रवली हा.’’

त्यांनी बिडी विझवली. मी ‘पाटाच्या पाण्याची रात्र’ एवढंच म्हटलं, तर ते हात वर करून म्हणाले, ‘‘केप माका ऐकाक येवक नाय, असा वाटला तुका? पन्नास वर्सां बंदूक धरतंय मी.’’

‘‘मग कधी बोललात कसे नाय?’’

‘‘काय बोलतलंय? तू माका बघून थोडोच मारीत होतस.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘पन त्या दिसापासून तुमच्या शेताकडसून मी कधी गप चलूक नाय.’’

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. ते गुडघ्यावर हात देऊन उठले, बंदूक टेबलावर ठेवली, नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि पावतीवर सही केली. त्यांच्यामागे मी.

४ जूनला निकाल लागला. बंदूक हातात आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि काजूचा हंगाम संपला होता. माकडांनी त्या वर्षी किती खाल्लं त्याचा हिशेब मांडला नाही. घरी आल्यावर नळीतला गंज काढला, तेलाचा बोळा फिरवला. मुलगा पुण्याहून विचारत होता, परवाना परत करून टाका ना, आता कोण राखणीला बसतंय? अजून करून टाकलेला नाही. भात पिकलं की एखादी रात्र मी जातो, नुसती दारू ठासतो. बार काढायच्या आधी बॅटरी लावतो आणि मोठ्याने विचारतो, कोण आसा रे थंय? डुकरं तेवढ्यानेच पळतात बरेचदा.