दोन नकार

आमच्या पतसंस्थेच्या मागच्या खोलीत एक जुना सर्व्हर होता. त्याच्यावर चमेलीच्या तेलाच्या कंपनीचं कॅलेंडर लटकलेलं असायचं. आण्णा रोज सकाळी गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळली की तीच हवेत दोनदा सर्व्हरपुढेही फिरवायचे. तीस वर्षं काउंटरवर काढलेला हा माणूस. संगणक त्यांना कळत नव्हता, पण सभासदांचा पैसा त्या पेटीत आहे, एवढं कळत होतं. माझं काम त्या पेटीची देखभाल करायचं. म्हणजे आण्णा पुजारी आणि मी गुरव!

२०२२ सालची दिवाळी तोंडावर आली होती. दिवाळी ठेवीचे पैसे वाटायचे, पिग्मीचे हिशेब मिटवायचे, आणि त्यातच चेअरमनसाहेबांनी वार्षिक सभेत जाहीर करून टाकलेलं, की यंदापासून सभासदाला व्याजाचा हिशेब मोबाइलवर मिळेल. टाळ्या त्यांना मिळाल्या, काम मला.

अडचण अशी होती. आमच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ नावाचं लिनक्स होतं, २०१४ सालचं. त्याच्यावर पासबुक छापायचा एक जुना प्रोग्राम चाले. तो लिहिणारा माणूस कधीच परदेशी निघून गेलेला. त्या प्रोग्रामला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आणि नवा मोबाइलचा प्रोग्राम त्या लिनक्सवर पाऊल ठेवायला तयार नव्हता. त्याला ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी निदान २.२८ हवी होती, आमच्याकडे होती २.१७. नवा सर्व्हर घ्यावा तर पैसे पुढच्या वर्षी. जुनं मोडायचं नाही आणि नवं आणायचं, असा तो पेच. घरात सून येते तेव्हा सासूपुढे असतो तसाच.

यावर जी युक्ती आहे तिला कंटेनर म्हणतात. वाचकांना कंटाळा येणार नाही अशा बेतानं सांगतो. शहापुरातले जुने वाडे आठवा. मधे चौक, चौकात विहीर, भोवती बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, देव वेगळे, कुलूप वेगळं. एका घरात मराठी, शेजारी कानडी, वरच्या मजल्यावर कोकणी. पण पाणी सगळ्यांचं एकाच विहिरीचं. कंटेनर म्हणजे असं बिऱ्हाड. आत उबुंटू २२.०४ हे २०२२ सालचं लिनक्स आपला सगळा संसार घेऊन राहतं, त्याच्या लायब्रऱ्या, त्याची भांडीकुंडी सगळं नवं. फक्त विहीर, म्हणजे कर्नल, ती जुन्या यजमानाचीच. आमच्या विहिरीचा आकडा होता ३.१०.

कल्पना नवी नाही. १९७९ च्या युनिक्समध्येच एखाद्या प्रोग्रामला घराचा एकच कोपरा दाखवून 'हेच तुझं जग' असं सांगायची सोय होती. २०१३ साली डॉकर आलं आणि बिऱ्हाड थाटणं पोराटोरांच्या आवाक्यात आलं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांचा एक कडक नियम आहे : कर्नल बदलला म्हणून लोकांचे चालते प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. त्यामुळे जुना भाडेकरू नव्या विहिरीवर सहसा अडत नाही. आमचं उलटं होतं. नवा भाडेकरू, जुनी विहीर. इथं कुणी वचन दिलेलं नसतं. नवी लायब्ररी जुन्याशी जुळवून घेते, तेवढ्यावर भागवायचं.

मी उबुंटूचं बिऱ्हाड मांडलं. दार उघडलं, आत गेलो, आणि पहिलीच आज्ञा दिली तर उत्तर आलं : परवानगी नाही.

मग मी परवानग्यांच्या मागे लागलो. कुठल्या फायलीची मालकी कुणाकडे, कुणाला वाचता येतं, कुणाला लिहिता येतं, सगळं तपासलं. असतील नसतील ती सगळी दारं सताड उघडली. दिवस गेला, संध्याकाळ झाली. वसुबारसेची आदली रात्र. बाहेर आकाशकंदील लागले, आणि माझ्यापुढे तेच एक वाक्य. परवानगी नाही.

आण्णा डबा घेऊन आत आले. "काय म्हणतंय रे तुझं यंत्र?"

"नाही म्हणतंय, आण्णा."

"नाही म्हणजे? येत नाही म्हणतंय, का देत नाही म्हणतंय?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आण्णांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाला हा फरक करावाच लागतो. आपल्या भागात तर जन्मापासून. 'बरंगिल्ला' म्हणजे येत नाही, 'आगंगिल्ला' म्हणजे होणार नाही. पहिलं ऐकलं की आपण भाषा बदलतो. दुसरं ऐकलं की पाय मागे घेतो.

आणि घोटाळा नेमका तोच होता. नवी लायब्ररी काम सुरू करताना कर्नलला एक नवी हाक मारते, क्लोन३ नावाची. ती २०१९ च्या ५.३ कर्नलपासून आली. आमच्या जुन्या कर्नलला ती माहीतच नव्हती. त्याला विचारलं असतं तर त्यानं सरळ सांगितलं असतं, "ही हाक मला कळत नाही." या उत्तराला इनोसिस म्हणतात. ते ऐकलं की लायब्ररी समजूतदारपणे जुन्या पद्धतीनं, नुसतं 'क्लोन' म्हणून हाक मारते आणि काम होतं. पण विहिरीपाशी डॉकरनं एक पहारेकरी बसवलेला असतो, सेककॉम्प नावाचा. त्याच्याजवळ ओळखीच्या हाकांची यादी असते. आमचं डॉकरही जुनं, यादीही जुनी. यादीत नाव नाही म्हटल्यावर तो ईपर्म म्हणायचा. म्हणजे मनाई! हाक कर्नलपर्यंत पोचायचीच नाही. आणि मनाई ऐकल्यावर बिचारी लायब्ररी दुसरी भाषा कशाला बोलून बघेल? ती मुकाट्यानं मागे फिरायची.

खात्री करायला मी घटकाभर पहारेकऱ्याला घरी पाठवलं. सगळं धडाधड चालू झालं. आण्णा म्हणाले, "झालं की! आता जेव."

झालं नव्हतं. सभासदांच्या घामाचा पैसा आणि दारावर कुणी नाही, असं ठेवून मला झोप आली नसती. पहारेकरी हवाच, पण त्याला नीट बोलायला शिकवायला हवं. डॉकरच्या कर्त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये, २०.१०.१० या आवृत्तीत, हेच केलं होतं. क्लोन३ ला मनाईऐवजी 'कळत नाही' असं उत्तर द्यायची सोय. मी डॉकर बदललं, पहारेकरी परत बसवला. रात्री दीडला उबुंटू उभं राहिलं, त्याच जुन्या विहिरीवर. नव्या आवृत्तीतली ती एक छोटी दुरुस्ती होती. 'देत नाही'च्या जागी 'येत नाही'.

घरी जाताना मला बाबांची आठवण आली.

मी सातवीत होतो. आजोबांच्या नावावरची जमीन आपल्या नावावर करून घ्यायला बाबा मला घेऊन कचेरीत गेले होते. अर्ज मराठीत, बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात. खिडकीतल्या माणसानं कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, "आगंगिल्ला." बाबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा कधी त्या पायऱ्या चढले नाहीत. जमीन आजोबांच्याच नावावर राहिली. ताईच्या लग्नात तिच्यावर कर्ज मिळालं नाही, आईच्या पाटल्या गेल्या.

बाबा गेल्यावर ट्रंकेत तो कागद सापडला, घडीवर फाटलेला. माझ्या एका कानडी मित्रानं नवा अर्ज कानडीत लिहून दिला, आणि मी त्याच्याबरोबर गेलो. काही हेलपाटे पडले, पण काम झालं. त्या दिवशी त्या खिडकीतल्या माणसाच्या मनात काय होतं, ते मला कधीच कळणार नाही. खरंच मनाई असेल, किंवा आडमुठेपणा असेल. किंवा नुसतं त्याला मराठी वाचता येत नसेल, आणि खुर्चीवर बसून 'येत नाही' म्हणायची लाज वाटली असेल. ते दोन शब्द तो म्हणाला असता, तर बाबा कानडी लिहिणारा कुणीतरी शोधून आणते. एवढे काही ते हट्टी नव्हते.

असो. तो सर्व्हर पुढे दीड वर्ष चालला. बिऱ्हाड कितीही नवं असलं तरी विहीर जुनीच असते, हे विसरून चालत नाही. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्या. विहीर उपसणारंच कुणी राहिलं नाही, तर वरच्या माडीवरचा नवा रंग काय कामाचा? त्याआधीच आम्ही नवा सर्व्हर घेतला. आता उलटं आहे. यजमान नवा आणि पासबुकाचा म्हातारा प्रोग्राम कंटेनरमध्ये, आपल्या जुन्या भांड्यांसकट. तो खूश आहे. आण्णा उदबत्ती नव्या पेटीला ओवाळतात.

गेल्या महिन्यात काउंटरवर बैलहोंगलकडची एक म्हातारी आली होती. मुलानं काढलेल्या ठेवीचा कागद हातात, बोलणं सगळं कानडीत. आमचा नवा पोरगा मराठी शाळेतला, हुशार आहे. त्यानं कागद बघितला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "होणार नाही, आजी."

म्हातारीनं कागदाची घडी घातली.

ती घडी घालायची पद्धत मी ओळखली. मी उठून बाहेर आलो. "अज्जी, निंद्री," म्हटलं. थांबा. ठेवीची मुदत संपली होती, एक सही हवी होती, एवढंच. दहा मिनिटांत पैसे घेऊन ती गेली.

पोरगा ओशाळला होता. त्याला रागावलो नाही. म्हटलं, "बाळा, आपल्याला येत नसेल तर येत नाही म्हणावं. होत नाही म्हणू नये."

आण्णा पलीकडे नोटा मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मोजणं क्षणभर थांबलं होतं.